ओढ्याकडच्या उताराची माती

अहो, नमस्कार.

मी धडधाकट आहे. खोली कोरडी आहे, जेवण बेताचं. तुमचा खोकला गेला का? थोरलीला म्हणावं, चार ओळी लिहिल्याने हात झिजत नाहीत.

देशातली कुठली माती पावसात वाहून जाईल, त्याचा नकाशा इथे करतात. माझं काम म्हणजे गावोगावची ढेकळं पाण्यात सोडायची आणि किती आकडे मोजेपर्यंत टिकतात ते वहीत लिहायचं. मंगळवारी आपल्या ओढ्याकडच्या उताराची पिशवी आली. ढेकूळ तीन म्हणायच्या आत विरघळलं. मी तीस लिहिलं. साहेब बघत होते. म्हणाले, "बाई, खोटं लिहून माती थांबते का?" मग मीच खोडलं. नकाशावर आता आपला उतार लालभडक आहे.

धाकटीला तिथेच पुरलंय आपण, चार महिन्यांची असताना. मंगळवारपासून पाण्यात हात घातला की कुणीतरी माझं बोट धरतं. हसू नका.

तिच्यावरचा दगड सरकलाय का, उद्याच बघून या. सरकला असला तरी खणू नका. पावसाआधी रजा काढून येते. तिला मीच उचलून घराजवळ आणीन. तुमचे हात थरथरतात.

दोघींची आई