रुखवतातला हिरवा पेला

मठ गल्ली, बेळगाव
ता. ११ जानेवारी १९३९

चि. जिनपाल यास,

ब्राह्मीआक्काचा जयजिनेंद्र. मी बरी आहे, म्हणजे गुडघे सोडून बाकी सगळी बरी आहे. थंडी मरणाची पडली आहे. तू बोरगावहून पाठवलेला गूळ पोचला. या खेपेचा जरा खारट लागतो, गुऱ्हाळवाल्याने तुला बनवलेलं दिसतं. रत्नाला म्हणावं, मी आल्याशिवाय पापड लाटायला घेऊ नको. गेल्या वर्षीसारखे जाड झाले तर तिच्याच लेकाच्या लग्नात हसं होईल.

आता ते लग्न होईल की नाही, हेच लिहायला बसले आहे.

दिवाळीत आपल्या सुकुमारची सुपारी फुटली तेव्हा तू मला बाजूला घेऊन म्हणालास, मुलगी बघून झाली, तू बेळगावातच आहेस तर आता त्यांचं घरही बघून ठेव. शहापूर माझ्या दारापासून चालत जाण्याइतकं जवळ. तेव्हापासून पाच वेळा मुलीकडे, चौगुल्यांच्या घरी जाऊन आले. एकदा फराळाचं निमित्त, एकदा लोणच्याचं, एकदा तर माझी हरवलेली छत्री शोधायला गेले, जी हरवलीच नव्हती.

पद्मिनी पोरगी हाताची गुणी आहे, ते मी नाकारत नाही. तीन वर्षांपासून स्वतःच्या रुखवताची तयारी करते आहे. लग्नात मुलीकडचे मांडतात ते पोपट आणि तोरणं आपण पुष्कळ पाहिली, पण हिचं सगळं टाकाऊ जिनसांतून. चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदाची फुलं, विटलेल्या इरकली लुगड्याच्या काठांच्या पिशव्या, कोटाच्या बटणांचं कासव. आणि बाटल्या. बाटलीला रॉकेलात भिजवलेला दोरा गुंडाळते, काडी लावते, आणि काच तापली की गार पाण्यात बुडवते. टचकन दोन तुकडे होतात. मग कड पाट्यावर पाणी घालून घासत बसते, बोट फिरवलं तरी लागत नाही. वरच्या तुकड्यावर मण्यांची जाळी विणून टांगायची हंडी करते, खालच्याचा पेला. हिरव्या काचेवर पांढरे मणी फार शोभतात.

पहिल्या दिवशी मी कौतुक केलं. घरी आल्यावर मनात आलं, एवढ्या बाटल्या येतात कुठून?

तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या ओसरीवर बसले होते. एक बाई डोक्यावर गोणी घेऊन आली. मालुबाई तिचं नाव, कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांतून भंगार गोळा करते. पुढचं दार सताड उघडं असताना ती परसाकडे वळली. गोणीत काच वाजत होती. पद्मिनीची आई शालूबाई लगबगीने आत गेल्या आणि पदराला हात पुसत परत आल्या. मी विचारलं, काय आणलं? तर म्हणे काही नाही, भंगार. भंगार असेल तर त्याच्यावर पोतं कशाला झाकायचं? मी परसात हात धुवायच्या निमित्ताने जाऊन बघितलं, पोतं झाकलेलं होतं.

मग मी भूपालरावांकडे नजर वळवली. मुलीचा बाप कॅम्पात विलायती मालाच्या दुकानात कारकुनी करतो, हे आपल्याला माहीत होतं. दुकानात बिस्किटं आणि साबण विकतात असं त्यांनी सांगितलं होतं. साहेबलोक काय नुसती बिस्किटं खाऊन जगतात? शिवाय हा माणूस सदा लवंग चघळत असतो. डोळे लाल. दाढ दुखते म्हणे. दाढ दुखणारा माणूस सुपारी फोडून खातो का? लवंगेने कसला वास झाकतात ते मला कुणी शिकवायला नको.

काल पद्मिनीने मला हिरव्या पेल्यातून आवळ्याचं सरबत दिलं. मी पेला हातात घेतला, बुडाला बोटं लावली आणि सरबत तसंच ठेवून उठले. जिनपाल, ती दारूची बाटली आहे. औषधाची नाही, सरबताची नाही. कशावरून ते विचारू नकोस. मला खात्री आहे म्हणजे आहे.

परसात पोत्याखाली वीसएक तरी असतील. एवढ्या रिकाम्या कोण करतं? कुठेतरी पाणी मुरतंय. ज्या घरात दारू शिरली त्या घरी मुलगी देऊ नये, आणि तिथली आणूही नये. पत्रिका छापायला टाकू नकोस. बाकी तू शहाणा आहेस.

तुझी आक्का,
ब्राह्मी


मठ गल्ली, बेळगाव
ता. २४ जानेवारी १९३९

चि. जिनपाल यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. हे उत्तर टपालाने शुक्रवारच्या आत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून निपाणीला निघालेल्या मारुतीरावांच्या हाती देते आहे. ते पुढे बोरगावला आणून देतील. उभ्या उभ्या वाचू नकोस. बसून वाच, आणि एकटा असशील तेव्हा वाच.

तू लिहितोस, शुक्रवारी येऊन साखरपुड्याचं नारळ-लुगडं परत करणार, आणि कारण विचारलं तर चारचौघांत सांगणार. तसं झालं तर निपाणीपासून चिक्कोडीपर्यंत एकही जैन घर पद्मिनीला दारात उभं करणार नाही. ये, पण आधी माझ्या हातून काय झालं ते ऐकून ये.

पहिलं पत्र टाकल्यावर मला चैन पडेना. पुरावा पक्का करावा म्हणून परवा, रविवारी, पुन्हा शहापूरला गेले. वाटेत मालुबाई भेटली. तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, बंगल्यांतले बटलर तिला रिकाम्या बाटल्या देतात, ती धुऊन, उन्हात वाळवून शालूबाईंना देते, आणि त्या बदल्यात जुनी लुगडी नेते. भूपालरावांना तिने आजवर पाहिलेलंही नाही. परसाकडून का जातेस, असं विचारलं तर माझ्याकडे बघून हसली. भंगारवाल्या बाईला पुढच्या दाराने कोण घेतं, आक्का? तिचं खरं होतं. मीसुद्धा घेत नाही.

एवढं ऐकूनही मी मागे फिरले नाही. शालूबाईंनी बसायला पाट दिला. मी पाटावर बसलेसुद्धा नाही. फळीवरचा हिरवा पेला उचलला, त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, ही दारूची बाटली आहे.

मला वाटलं होतं, भांडतील, शपथा घेतील. त्यांनी पेला हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि त्या पाटावर बसल्या. त्यांचा समज असा की साहेबलोक जेवताना द्राक्षाचं सरबत घेतात, त्याच्या या बाटल्या. मालुबाईलाही त्यांनी एकदा विचारलं होतं, तिने सांगितलं होतं की त्यात द्राक्षाचा रस असतो. ते तरी खोटं कुठे आहे? पोतं झाकलं होतं ते मांजर बाटल्या पाडतं म्हणून. मग त्या उठल्या. फळीवरचे पेले आणि हंड्या पदरात घेऊन परसात गेल्या आणि धुण्याच्या दगडावर एकेक फोडू लागल्या. अकरा नग होते जिनपाल, मी मोजले. तीन वर्षांचं काम पाव घटकेत संपलं. भूपालराव गालाला मफलर गुंडाळून बाहेर आले. त्यांची दाढ शनिवारी सिव्हिलमध्ये काढली होती, तोंडात कापूस होता, त्यांना धड बोलताही येईना. ते नुसते हात पुढे करून बायकोला थांबवत राहिले.

दोषी माणूस वस्तू लपवतो रे. अशी स्वतःच्या हाताने फोडत नाही.

पद्मिनी रडली नाही. सूप घेऊन आली आणि काचांतले मणी वेचू लागली. मला तिथून निघवेना, म्हणून मीही तिच्याजवळ बसून वेचायला लागले. शालूबाई आत गेल्यावर ती खाली मान घालूनच म्हणाली, “आत्याबाई, घरात आमी तिघं हाय, कुणालाच कळलं न्हाय. शेजारच्या मास्तरीणबाई येऊन बघून गेल्या, त्यांना बी न्हाय. तुमी त्यादिवशी पेला घेतलासा आन् अंगठा बुडाच्या खोलगट्यात घातलासा. तुमच्या अंगठ्याला ते कसं ठावं?”

मी मणी मुठीत गोळा करत राहिले. मग तीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. मी कुणाला सांगनार न्हाय.” आणि माझ्या हातातले मणी सुपात घेतले.

अठरा वर्षांची पोर. मी तिच्या घरात चोर शोधत सहा वेळा गेले, तिला एका नजरेत माझं घर दिसलं.

आता लिहिते. आमच्या घरात दारू होती. तुझ्या दाजींना कावीळ झाली आणि ते गेले, असं मी तुला नऊ वर्षं सांगत आले. कावीळ झाली हे खरं, पण ती कशाने झाली ते मी गिळलं. ते कॅम्पातल्या मेसला जळाऊ लाकूड पुरवायचे, तिथून सवय लागली. शेवटची अकरा वर्षं. ते बाहेर गेले की मी उरलेली मोरीत ओतायची. त्या बाटल्यांचं बूड आत ढकलल्यासारखं असतं. अंगठा त्यात घालून धरली की एका हाताने ओतता येते, दुसऱ्या हाताने वरून पाणी सोडता येतं, वास राहत नाही. अकरा वर्षं माझा अंगठा तिथे जात होता, त्याला आता विसर कसा पडावा? लवंगा त्यांच्या खिशात मीच ठेवायची.

तुला सांगितलं नाही कारण ते स्थळ तू पाहिलं होतंस. बस्तीत देवापुढे पूजेला बसले की तू सगळ्यांना दाखवायचास, हे आमचे दाजी. तुझं ते तोंड बघून माझी जीभ वळायची नाही. नंतर वाटलं, मेलेल्या माणसाचं कशाला. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर दुसऱ्याने चघळलेली लवंगसुद्धा खवखवली. स्वतःच्या घरातलं दिसू नये म्हणून मी शालूबाईंच्या घरात शोधत होते, याची मला आता फार लाज वाटते.

तू म्हणशील, एवढ्या जाणत्या बायकांना दारूची बाटली ओळखू आली नाही, हे कोण खरं मानेल? तर तुला विचारते. आईच्या देवघरात एक हिरवी बाटली होती, आठवते? समईसाठी तिळाचं तेल त्यात असायचं. ती मी दिली होती. रिकाम्या बाटल्या टाकायला मला जागा नव्हती. गल्लीत टाकावी तर शेजारी बघणार, भंगारात घालावी तर मालुबाईसारखी कुणीतरी ओळखणार. तेल भरून माहेरी नेली की कुणी विचारत नाही, हे मला तेव्हा सुचलं. दर खेपेला एक. बाकीच्यांत एरंडेल गेलं, गोडेतेल गेलं. आई म्हणायची, माझ्या ब्राह्मीच्या बाटलीची धार कशी सुबक पडते. ती जाईपर्यंत त्याच बाटलीतलं तेल देवापुढे जळलं, आणि तू रोज सकाळी आंघोळ करून स्वतःच्या हाताने ओतत होतास.

तुला ओळखू आली होती का? आईला आली होती? मग शालूबाईंना यायला हवी होती असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

त्यांनी अजाणता बाटली घरात आणली, मी जाणूनबुजून देवघरात ठेवली. शुक्रवारी नारळ परत करायचाच असेल तर शहापूरला जाण्याआधी माझ्याकडे ये, आणि पहिलं नातं माझं तोड. पंचांपुढे कारण सांगायचं असेल तर मला घेऊन चल. तिथे उभी राहून मी सगळं सांगेन, तुझ्या दाजींच्या नावासकट, चौगुल्यांवर एक अक्षर येऊ देणार नाही. आणि लग्न ठेवणार असशील तर एवढं लक्षात ठेव की त्या मुलीच्या रुखवतात आता मांडायला काही उरलेलं नाही. आपल्याकडच्या बायका नाकं मुरडतील. त्यांना तू गप्प करायचं, रत्नाने नाही.

सुकुमारला यातलं किती सांगायचं ते तूच ठरव. माझी हरकत नाही.

शुक्रवारी मी दुपारपासून दार उघडं ठेवून ओसरीवरच बसेन. दरवेळी तू गल्लीच्या तोंडापासून “आक्का” म्हणून हाक मारत येतोस. या खेपेला मी नावाआधी ‘तुझी आक्का’ असं लिहिलेलं नाही. हाक ऐकू आली तर लिहीन.

ब्राह्मी