स्नेहलच्या हळदीची फाइल

६ मे २०१३
केशोरीच्या भागीरथाबाई दुकानात आल्या. त्यांची पोरगी स्नेहल होळीच्या सुमारास काविळीनं गेली. तिच्या लग्नाचं शूटिंग माझंच. डीव्हीडी सासरच्यांकडे, ते देत नाहीत. बाईंना फक्त हळदीचा भाग पाहिजे. त्या दिवशी पोरगी लय हासली म्हणतात. मी सांगितलं, आपल्या 'कुशल व्हिडिओ'मधून आजवर एकही फाइल हरवलेली नाही. शुक्रवारी या.
जुन्या शूटिंगची एक्स्टर्नल ड्राइव्ह लावली. आतून टक-टक आवाज. मशीन म्हटलं की आवाज आलाच.

७ मे
फोल्डर दिसतं, फाइल उघडत नाही. गोंदियाच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. म्हणाला, "भाईसाब, इसको अब चालू मत करो. नागपूर भेजो."
नागपूर कशाला? दिवसभर चालूच ठेवली. गरम झाली की मोकळी होईल.

९ मे
गरम झाल्यानंच बिघडली, हे आता स्पष्ट आहे. इंटरनेटवर उपाय सापडला. ड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली. मंजू बर्फ काढायला गेली आणि ओरडली, "कायले ठेवून राहिले हे इथं? मेलेल्या पोरीची वस्तू आहे ना ते!"
बायकोला टेक्निकल समजत नाही. पण वाक्य डोक्यात राहिलं.

१० मे, शुक्रवार
भागीरथाबाई आल्या. काम प्रोसेसमध्ये आहे, असं सांगितलं. बराच वेळ बसल्या, बंद स्क्रीनकडे पाहत. मी पंखा वाढवला.

१३ मे
सक्सेस! रिकव्हरी सॉफ्टवेअरनं एक फाइल ओढून काढली. नाव नाही, तारीख नाही. चित्र राखाडी, मधे हिरवे पट्टे. पण आवाज एकदम क्लिअर. हळदीची गडबड, भांडी, आणि एक पोरगी खळखळून हासते.
स्नेहलच. दुसरी कोण असणार?
त्यानंतर ड्राइव्ह गप्प झाली. तिचं काम झालं.

१५ मे
क्वालिटी चेकसाठी फाइल पुन्हा पुन्हा ऐकतोय. नळाला पाणी आलं तरी तेच हासणं ऐकू येतं. सकाळी दाढी करताना, शूटिंगला म्हणतो तसं तोंडातून निघून गेलं, "हो ताई, तशाच राहा, इकडे पाहा."
मंजूनं दारातून विचारलं, "कोणाशी बोलून राहिले?"
म्हटलं, फोनवर आहे. फोन दुकानात होता.

१८ मे
लॅपटॉप घेऊन केशोरीला गेलो. बाईंनी हेडफोन लावला, डोळे मिटून पूर्ण ऐकलं. म्हणाल्या, "हे माह्या पोरीचं हासणं नाही, भाऊ."
मी समजावलं, रिकव्हरीत आवाज बदलतो, पिच वर जातो. माझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "स्नेहल हासे तं आवाज नाई निघे. तोंडावर हात ठेवे. नुसते खांदे हालत तिचे."
लॅपटॉप बंद केला. बाई म्हणाल्या, चहा घेऊन जा, उन्हाचे आले.
चहा घेतला.

१९ मे
दुकान उघडलं. तीच फाइल लावली, आवाज बंद करून. राखाडी, हिरवे पट्टे, पुन्हा राखाडी. कुठं खांदे हालतात का, ते दुपारपर्यंत पाहत बसलो. एक जण पासपोर्ट फोटोला आला होता. त्याला उद्या या म्हटलं.