आप्पांचे पाय

३ मार्च, मंगळवार

धाकट्या भावाचा रिपोर्ट आला. सतराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा त्याच्याकडे दोनदा आहे — एकाला लागून दुसरा. कमी काही नाही. जास्त आहे! जास्त असल्यामुळे माणूस अडखळतो, हे पचतच नाही. मी जन्मभर भांडले ते कमी मिळण्याविरुद्ध.

त्याची मुलगी अशाच प्रयोगशाळेत काम करते. भाचीबाईंनी समजावलं: त्या तुकड्यात नसांवरचं वेष्टण घडवणारं एक जनुक आहे. जादा प्रत म्हणजे जादा माल, आणि त्यानंच वेष्टण बिघडतं. आधी पाय — तळव्याची कमान उंच, बोटं आखडलेली, पाऊल लुळं. पुढे हात. जिवाला धोका नाही, म्हणाली. मग हळूच, "आत्या, हे बहुतेक आई किंवा वडिलांकडून येतं."

आई सत्तरीत जिने धावत चढायची.

४ मार्च, बुधवार

नाही! वडिलांचे, आप्पांचे, पाय पोलीस कोठडीत मोडले. गिरणीच्या संपाच्या साली, अकरा दिवसांत. साऱ्या शहराला ठाऊक आहे, कारण मी चाळीस वर्षं तेच सांगते आहे. "या पायांना विचारा!" म्हणत टेबलावर मूठ आपटली की सभागृह उभं राहतं. 'रक्तातच असतं' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात माझा घसा गेला. आता घरातच कोणी रक्ताचा दाखला आणून ठेवावा?

६ मार्च, शुक्रवार

तरी चैन पडेना. भाचीला गाठलंच. एकाचे दोन होतात कसे?

ती म्हणाली, तुझं गिरणी फाटकासमोरचं भाषण आठव. आठवतंय की! 'आम्ही विचारतो' हे पालुपद भाषणात दोनदा होतं. दुसऱ्यांदा म्हटलं आणि मन पहिल्या जागी परत गेलं. मधला अख्खा परिच्छेद पुन्हा बोलले. लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या दिल्या. भाची म्हणे, तसंच. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच मजकूर आहे. बीज तयार होताना गुणसूत्रांची जोडी समोरासमोर येते, आणि कधी एकावरच्या तुकड्याचं पहिलं टोक दुसऱ्यावरच्या शेवटच्या टोकाशी जुळतं. अदलाबदल झाली की एकीकडे मजकूर दोनदा, दुसरीकडे गायब.

म्हणजे निसर्गही पालुपदात फसतो! मला फार आवडलं हे. आवडायला नको होतं.

८ मार्च, रविवार

आज तिनं आणखी एक सांगितलं, दिवसभर तेच डोक्यात आहे. फार पूर्वी आपल्या पूर्वजांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नसत. त्या जागी एकच जनुक होतं. ते दुप्पट झालं. एका प्रतीनं जुनं काम सांभाळलं, म्हणून दुसरीला बदलायची मुभा मिळाली. बदलता बदलता ती दुसराच रंग पाहू लागली.

म्हणजे आमचा झेंडा लाल दिसतो तो एका नकलेच्या कृपेनं! आणि मी आजवर नक्कल करणाऱ्यांना काय काय बोलले.

विचारलं, मग धाकट्याची प्रत का नाही काही नवं शिकत? ती हसली नाही. म्हणाली, बहुतेक प्रती काहीच शिकत नाहीत, आत्या. काही नुसत्या छळतात.

तिलाही ती प्रत असण्याची शक्यता निम्मी आहे. अजून तपासलेलं नाही. हे मी आज विचारलं! पाच दिवसांनी!

९ मार्च, सोमवार

भाची मलाही तपासून घे म्हणते. माझे पाय ठणठणीत आहेत! दुकानातले बूट चावतात एवढंच, म्हणून आप्पांच्याच बूटवाल्याकडून शिवून घेते. नवा जोड पुढच्या सोमवारी मिळेल.

११ मार्च, बुधवार

धाकटा आला होता. काठी दारामागे लपवून ठेवली, जणू मला दिसणारच नाही. रविवारी आप्पांची स्मृतिसभा, पंचवीस वर्षं झाली. पायांचं सांगणार का, विचारलं. लोक त्यासाठीच येतात, मी म्हणाले.

त्यानं चहा ढवळला. मग म्हणाला, "ताई, पाय तेच आहेत गं. त्यांचे शूराचे, आणि माझे कोलांटीचे."

कोलांटी. शाळेत बक्षीस घ्यायला जाताना तो मंचावर पडला, तेव्हा हे नाव मीच ठेवलं होतं. नोकरीतून निवृत्त झाला तरी सुटलं नाही.



१३ मार्च, शुक्रवार

भाषणांच्या जुन्या वह्या काढल्या. पहिली, एकोणिसाव्या वर्षाची: 'आप्पा अकरा दिवस आत होते.' एवढंच. दुसरीत: 'मारहाण झाली असणार.' तिसरीत: 'तळवे मोडले.' चौथीपासून टेबल आणि मूठ.

आप्पांनी मला कधी सांगितलंच नव्हतं! पहिल्या रांगेत बसून ऐकायचे. हो नाही, की नाही नाही. घरी आल्यावर म्हणायचे, "आवाज छान लागला."

आणि संपाच्या आधी? मी पाच-सहा वर्षांची, त्यांच्या पाठुंगळी. जिना चढताना ते कठडा घट्ट धरायचे. पाऊल फटकन आपटायचं. मी तो ताल मोजायचे.

खरी गोष्ट जागेवरच राहिली, अकरा दिवसांची, पुरेशी मोठी. तिची नक्कल मात्र मी मोकळी सोडली.

१५ मार्च, रविवार

सांगितलं. कोठडी खरी, अकरा दिवस खरे, पाय जन्माचे. हेच पाय घेऊन ते रोज फाटकावर उभे राहिले, आणि हेच पाय घेऊन माझा भाऊ चौतीस वर्षं कामावर गेला, माझी थट्टा ऐकत. मूठ आपटली नाही. टाळ्याही नाहीत. दोघे-तिघे उठून गेले.

धाकटा शेवटच्या रांगेत होता. काठी मांडीवर, सर्वांना दिसेल अशी.

१६ मार्च, सोमवार

बूट आणायला गेले. म्हातारा काल सभेला होता. बरं केलंत म्हणाला, त्याला माहीतच होतं. फळीवरून लाकडाचा साचा काढून दाखवला — आप्पांच्या पावलाचा, उंच कमानीचा, त्यांच्या लग्नाआधी ह्याच्या बापानं घडवलेला.

अजून कशाला ठेवलाय, मी विचारलं.

"अहो, मग तुमचे बूट मी कशावर बेततो?"