साडेतेरा मिलिमीटर

सोमवार, ४
नवी नोकरी, नवी रोजनिशी! गोदामात सुरक्षा तपासनीस म्हणून आज रुजू झाले आणि दुपारपर्यंत टोपणनावही पडलं: मोजपट्टीबाई. फोर्कलिफ्ट चालवणारे काका म्हणाले, आमच्या डोक्यावर बसायला आणखी एकजण आलं. मला हसू आवरेना. काकांशी आपलं जमणार.

माल ठेवायचा प्रचंड लोखंडी रॅक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलाय. माझं टेबल त्याच्या मागे, दार पुढे. ये-जा करायला रॅकच्या पोटात चार बोगदे, आणि वरचा माल डोक्यात पडू नये म्हणून प्रत्येक बोगद्यावर तारेची जाळी. मागच्या भिंतीला संकटकाळचं दारच नाही! आल्या आल्या लिहून दिलं. व्यवस्थापक म्हणाले, पुढच्या महिन्यात पाहू.

मंगळवार, ५
पहिल्या बोगद्याच्या जाळीला बाक आलाय. दोरी ताणून मोजला: सोळा मिलिमीटर. जाळीच्या लांबीच्या दोनशेव्या भागापर्यंतच चालतो, म्हणजे इथे साडेतेरा. वरचा सगळा माल उतरवायला लावला, बोगद्याला लाल पट्टी बांधली. काका कुरकुरले, अडीच मिलिमीटरसाठी एवढा तमाशा? मी सगळ्यांकडून वदवून घेतलं: पट्टी कुणीही ओलांडायची नाही, मीसुद्धा नाही. जरा मिरवलंच मी.

बुधवार, ६
माल उतरवला की जाळी थोडी तरी वर यायला हवी. ही बावीसवर गेली. वर काही नाही. जाळीतून छताचा पत्रा स्वच्छ दिसतो. नवी कोरी जाळी बसवून घेतली. संध्याकाळी पुन्हा बावीस. व्यवस्थापक म्हणाले, डोळे तपासून घ्या. तळपायाची आग मस्तकात गेली. मी डोळ्यांनी नाही, दोरीने मोजते.

गुरुवार, ७
दुसरा बोगदा. रिकामा करून मोजला: तीस. पट्टी बांधली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, सोड ती नोकरी, घरी ये. चार दिवसांत पळून आले म्हणून सगळे हसतील. नाही सोडणार.

शुक्रवार, ८
तिसराही. काकांनी गंमत म्हणून पट्टीपलीकडे एक पाय टाकला. जाळी वीतभर खाली आली, नेमकी त्यांच्या डोक्यावर. पाय मागे घेतला तशी वर गेली. काका पांढरेफटक पडले.

मला भीती वाटतेय. लिहूनच टाकते. उद्या फक्त माझे कागद उचलायचे आणि राजीनामा द्यायचा.

शनिवार, ९, सकाळी दहा
चौथ्यातून आत आले. तोच एक उघडा होता. कागद गोळा केले, वळले— त्याचीही जाळी वाकलेली. चाळीस. वर काहीच नाही.

साडेदहा
पाऊल टाकलं. जाळी खाली. मागे घेतलं. वर. चारही बोगद्यांत करून पाहिलं, तेच. जो कुणी वर आहे त्याला माझं पाऊल कळ—

अकरा
काका पलीकडे उभे. आत येतो म्हणाले. मीच ओरडले, पट्टी ओलांडू नका, चौथ्यातूनही येऊ नका. मागची भिंत फोडायला माणसं निघालीत म्हणे. तासभर लागेल. फक्त तासभर. आई, मी तुझं ऐकायला—

साडेअकरा
काका हात हलवतायत. जाळी सरळ झाली, या म्हणतायत, पळत या. दोरी लावली. शून्य. चारही ठिकाणी शून्य! नोंद करते नि पळते.

पण मग वजन—

वर नाही. म्हणजे उतरलंय. कुठल्या बाजूला—

टेबलाचा पत्रा. मी कोपरसुद्धा टेकलेलं नाही. वही आपोआप मध्याकडे घसरतेय, पत्रा वा