हिच्या नऊ टाइल्स

३ फेब्रुवारी
लेकीचा फोन. नवं घर एप्रिलमध्ये ताब्यात मिळतंय. आईच्या टाइल्सचं काय, विचारत होती. ही जाण्याआधी लेकीच्या हॉलसाठी नऊ टाइल्स करून, एकदा भाजून ठेवून गेली. राकू या जपानी पद्धतीची भट्टी तेवढी राहिली. म्हणजे ग्लेझचा चकचकीत लेप लावायचा, टाइल लालबुंद झाली की चिमट्याने उचलून भुशाच्या डब्यात टाकायची, वर झाकण. धुराने ग्लेझवर काळ्या रेघा उमटतात. संपलं. लेक म्हणाली, आईच्या विद्यार्थिनीला बोलावू. म्हटलं, बावीस वर्षं ते झाकण मी धरलंय. शिवाय कुकरच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल. बाहेरचं माणूस कशाला? मार्चअखेर नऊच्या नऊ तयार.

१० फेब्रुवारी
हिची वही वाचली. जागोजागी एकच: ‘रंग बघून काढणे.’ कुठला रंग, किती अंश, पत्ता नाही. पहिल्यापासून अघळपघळ. भट्टीचा थर्मामीटर मागवला. आता सगळं शास्त्रशुद्ध.

१४ फेब्रुवारी, दुपार
टाइल क्र. १ भट्टीतच फुटली. ग्लेझ ओलं असणार. लावल्यावर ‘सुकलं का गं?’ म्हणून आत हाक मारली होती. उत्तर येईना, तेव्हा लक्षात आलं. मग तशीच आत ठेवली. असो. आठ टाइल्स उलट जास्त शोभतील. चारचारच्या दोन ओळी.

१९ फेब्रुवारी
क्र. २ निसटून फरशीवर. दोष चिमट्याचा. तो हिच्या हाताच्या मापाचा आहे.

२६ फेब्रुवारी
क्र. ३ आणि ४. दोन्ही अखंड बाहेर आल्या! पाण्यात घातल्या. तडकल्या. ही पाण्यात घालायची, हे नक्की आठवतंय. किती वेळाने, ते नाही.

५ मार्च
लेकीचा फोन. म्हटलं, काम प्रगतिपथावर. फोटो मागत होती. म्हटलं, सरप्राइज आहे. ‘बाबा, बरे आहात ना?’ असं दोनदा विचारलं. बरा नसायला काय झालं? सगळे तुकडे हिच्या एप्रनमध्ये बांधून माळ्यावर ठेवलेत. सोमवारी टाकून देणार.

११ मार्च
क्र. ५. झाकण जरा लवकर उघडलं. रंग कसा आलाय ते बघायला. गेली. बावीस वर्षांत मी आत कधी डोकावलोच नव्हतो. धुराचा त्रास होतो म्हणून तोंड फिरवून उभा राहायचो. ही ‘बघा, बघा’ म्हणायची.
एप्रन अजून माळ्यावरच. सोमवारी पाठ दुखत होती.

१८ मार्च
वेळ वाचवण्यासाठी तीन एकदम. ग्लेझ ओघळून एकमेकींना चिकटल्या. हातोडीने हलकेच सोडवायला गेलो. पुढचं लिहीत नाही.

२० मार्च
एक उरली. हात लावला नाही. पद्धत आता पूर्ण कळली आहे, तरी दुसरं मत घ्यायला हरकत नाही. विद्यार्थिनीला फोन केला.

२२ मार्च, सकाळ
ती आली. बाकीच्या कुठे आहेत, म्हणाली. एप्रन काढून दिला. तिने गाठ सोडली, बघितलं, पुन्हा बांधली. मी चहा ठेवला. मग तिने भट्टी लावली. थर्मामीटरकडे तिने बघितलंही नाही. म्हणाली, काका, झाकण तुम्हीच धरा. धरलं.
टाइल फिकट हिरवी आली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एक जाड, वळत गेलेला उंचवटा. ती रडली. मला धूर लागला.

१२ एप्रिल
लेकीकडे. तिला खरं सांगितलं. हात धरून बसली. जावयांनी भिंतीत स्क्रू मारला. मग टाइल हातात घेऊन विचारलं, वरची बाजू कुठली? लेक म्हणाली, नऊ मिळून एकच चित्र होतं ना? कशाचं? ही नदी आहे की फांदी?
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
ही जेवणाच्या टेबलावर टाइल्स मांडून रोज संध्याकाळी सांगायची. हे इथून सुरू होतं, इथे वळतं, इथे मिळतं. महिनाभर. मी पेपरमागून ‘हं’ म्हणायचो.
म्हटलं, मला माहीत नाही.