मला आठ, व्याह्यांना चोवीस

॥ श्री ॥
गोरेगाव, ४ एप्रिल १९८४

चि. सौ. वनमाला हिस दशरथदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा आता वळत असेल असे धरून चालतो. आम्ही ठीक.

काल आपला धाकटा दत्ताराम त्याच्या उत्तराच्या लग्नाची पत्रिका छापायला आमच्या पार्ल्याच्या छापखान्यात आला. तेवीस वर्षं मी तिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतोय, पण तो थेट मालकांशी बोलला. मजकुरात निमंत्रक एकटा दत्ताराम. आपल्या घाड्यांच्या पत्रिकेत थोरल्याचं नाव आधी पडतं, बाबा गेल्यापासून ते माझं पडतं. या वेळी मी कुठेच नाही. मालकांनी विचारलं तर म्हणाला, भाऊ छापखान्यात असतो हे व्याह्यांना कशाला कळायला हवं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गिऱ्हाइकं जाड अक्षराला मोठं म्हणतात, आम्ही समजून घेतो. पण हा मासिकात वाचून शहाणा झालाय. हुकूम लिहून दिलाय, ‘माझं नाव आठ पॉइंट, व्याह्यांचं चोवीस.’ त्याला वाटतं पॉइंट म्हणजे शाळेतला नंबर, कमी तितका वरचा. अगं, पॉइंट म्हणजे अक्षराची उंची. आठ म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं अक्षर. मी त्याला सांगणार नाही.

मुलांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, दादा

मुलुंड, ८ एप्रिल

ती. दादास वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दत्तूचा कान पिरगाळावासा वाटला. तूही कमी नाहीस, लहानपणी त्याने पतंग फाडला तर महिनाभर अबोला धरायचास. पण उत्तराने काय केलंय? पत्रिका बिघडली तर पोरीला सासरी ऐकावं लागेल. निदान प्रूफ तरी दाखव त्याला.

वहिनींना नमस्कार. रागात जेवण टाकू नकोस.
तुझी, वनू

गोरेगाव, १४ एप्रिल

चि. सौ. वनमाला हिस अनेक आशीर्वाद.

प्रूफ दाखवलं. ‘छापा’ लिहून गिऱ्हाइकाने सही केली की आम्ही एक खिळा हलवत नाही. मी कागद पुढे धरला. माझी काळी बोटं पाहून त्याने तो हातात घेतला नाही, टेबलावर ठेवायला लावला आणि न वाचता सही ठोकली. तीनशे छापल्या. उत्तराचं नाव मी छत्तीस पॉइंटात, जीव ओतून लावलंय, तिची काळजी नको. नंतर खिळे सोडून खणांत परत टाकले. आता रडत आला तरी नव्याने जुळवणार नाही.

लोभ ठेव, उपदेश नको.
दादा

मुलुंड, २३ एप्रिल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

काल दत्तूकडे बोरिवलीला होते. व्याही आले होते, पत्रिकेवर बेहद्द खूश. गावाहून त्यांचे थोरले भाऊ नाना आलेले, व्याही त्यांना विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. नानांनी डोळे बारीक करून तळाची इवलीशी ओळ वाचली आणि सर्वांदेखत विचारलं, छपाई सुरेख आहे, हे दत्ताराम घाडी छापखानेवाले का, मुलीच्या वडिलांचं नाव राहिलं वाटतं. दत्तूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हसले, तोंडाला पदरही लावला नाही.

तेवढ्यात उत्तरा म्हणाली की छापखान्यात तिचे मोठे काका असतात, हे त्यांनीच जुळवलंय. नानांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, थोरले आहेत, मग त्यांचं नाव कुठे आहे?

व्याह्यांनी पत्रिका हळूच मिटून टेबलावर ठेवली.

वहिनींना नमस्कार, तुझ्यावर जीव आहेच.
वनू