पेपरातल्या माणसाचं नाव

सोलापूर, वैशाख शके १८५६

चि. एकनाथ यास अक्काचे ओंजळभर आशीर्वाद. तुझा गुडघा, लीलापोरीचा खोकला आणि वैरागची आपली म्हैस, तिघांचीही खुशाली कळव. इकडे सर्व ठीक. मी तेवढी नापास झाले आहे.

हळहळू नकोस, आधी ऐक. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली तुझी अक्का सहा वर्षं मुलींच्या शाळेत हंगामी बाई म्हणून घसा कोरडा करते आहे. कायम व्हायचं तर परीक्षा द्या म्हणाले. दिली! गणित सुटलं, भूगोलात नद्या वाटेल तिकडे वाहिल्या. मग आला मराठीचा पेपर: दहा वाक्यं शुद्ध करा. म्हटलं, हा तर हातचा मळ. (शेजारच्या दानम्माची कानडी वळणाची मराठी मी रोज नळावर शुद्ध करते. ती मला शिव्या देते, त्याही मी शुद्ध करते.) पहिलं वाक्य वाचलं आणि टाकच गळाला. 'अमका बाजारात गेली' असं वाक्य होतं, आणि तो अमका नेमका तुझ्या दाजींच्या नावाचा! बरं, एकदा नव्हे, दहाच्या दहा वाक्यांत तोच ठाण मांडून बसलेला. पेपर काढणाऱ्याला दुसरा पुरुष मिळाला नाही का रे?

तीस वर्षांत ते नाव मी साधं कधी घेतलं नाही. उखाण्यात घेता आलं असतं, पण दहा उखाणे जुळवायला वेळ कुठला? म्हणून लिहिलं, 'आमचे घरचे बाजारात गेले.' पुढे 'आंबा खाल्ली' होतं. आंब्याने त्यांना गळवं होतात, हे तुला ठाऊक आहे. खोटं कसं लिहू? लिहिलं, 'आमचे घरचे आंबा खात नाहीत, गळवं होतात.' 'गाडीतून पडली' हे तर अभद्रच. तिथे त्यांना हाताला धरून सुखरूप उतरवलं.

निकालानंतर तपासनीस साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "बाई, पेपरातला माणूस तुमचा नवरा नव्हे."

"नसंल साहेब, पण नाव त्यांचंच हाय की! तुमच्या मंडळी घेतात का तुमचं नाव?"

"व्याकरणात असलं चालत नाही."

"मग तुमच्या व्याकरणाला सासू नसंल," म्हटलं, आणि आले उठून.

सोबतच्या अनसूयाबाई म्हणतात, माफी मागा; पुढच्या खेपेलाही सुटला नाहीत तर दिवाळीनंतर तुमच्या वर्गावर दुसरी बाई येईल. माझ्या पोरी आत्ता कुठे 'ळ' सरळ काढू लागल्यात, त्यांना सोडून कशी जाऊ? पण माझं खेटर मागतं माफी! शंभर वेळा बसेन, ते नाव माझ्या हातून कागदावर उतरणार नाही.

तुझी,
सोजरअक्का

ता. क. – शेंगाची चटणी लीलासाठी आहे. तू वास घे फक्त.

आणखी ता. क. – परीक्षेचा नवा अर्ज सोबत ठेवला आहे. सगळा मी भरला, 'पतीचे पूर्ण नाव' हा रकाना सोडून. मागच्या वेळी तो त्यांनीच भरला होता, पण त्यांची गळवं सरकारदरबारी गेल्यापासून ते रुसून बसले आहेत. तेवढं तू लिही. अक्षर मात्र माझ्यासारखं काढ.